दहापर्यंत

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं. बाकी सगळ्या शाळेसाठी ती हसरी. अकरा वर्षांची पोर, चाकांच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, मान एका बाजूला कललेली, दोन्ही हात कोपरात मुडपून छातीशी आलेले. बोलणं नाही. ऐकू बऱ्यापैकी येई, दिसे एकाच डोळ्याने. पण दिवसातून दहा-पंधरा वेळा ती अशी खळखळून हसायची की जिन्यावरून चाललेला माणूस थांबून वर्गात डोकवायचा. शाळेच्या माहितीपत्रकावर तिचाच फोटो होता. पाहुणे आले की मोठे सर त्यांना आधी हसरीच्या वर्गात आणत, आणि पाहुणे जाताना म्हणत की वाटलं होतं तेवढं काही इथे उदास नाही.

त्या वर्गाच्या बाई तेवीस वर्षं हेच काम करत होत्या. वर्गात मुलं सहा. एकाला पोटातल्या नळीतून भरवावं लागे, दोघांना दिसत नसे, एक जण स्वतःचेच हात चावत असे म्हणून त्याला उन्हाळ्यातही जाड बाह्या. अशा मुलांना शाळेत काय शिकवतात हे बाहेर सांगायला गेलं, की निम्मे लोक हळहळतात आणि उरलेले विचारतात, यांना शिकवून करायचंय काय. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "हो आणि नाही," त्या म्हणायच्या. "एवढं सांगता आलं की माणूस माणसात आला. बाकीचं नंतर बघू."

आणि ते शिकवायची त्यांची एक रीत होती, जिच्यासाठी त्या गावोगावच्या शाळांमध्ये ओळखल्या जात. प्रश्न विचारायचा आणि मग तोंड मिटून मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. या मुलांना उत्तर द्यायला वेळ लागतो. घरचे घाईत, डॉक्टर घाईत; प्रश्न विचारून सगळे स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. म्हणून मोजायचं. बाई गुडघ्यावर बोट टेकवत मोजत. मध्येच कुणी नवी शिक्षिका बोलली तर बाई तिला रागावत नसत, नुसतं बघत, पण त्या बघण्याने ती बिचारी आठवडाभर दबकून असे.

हसरी पाच वर्षांची असताना आली. पहिलं वर्ष कोरडंच गेलं. मग एकदा बाईंनी विचारलं, पाणी हवं का, आणि बोट सातवर असताना पोर हसली. चार दिवसांनी पुन्हा तसंच. बाईंना त्या दिवशी जेवणही सुचलं नाही, इतका आनंद झाला होता. हसरीचं हसणं म्हणजे हो. तिच्या वहीत पहिल्या पानावर त्यांनी ते लाल शाईने लिहिलं आणि खाली लिहिलं, दहापर्यंत हसली नाही तर लक्ष नाही असं समजावं व पुन्हा विचारावं. त्या खालच्या ओळीवर सहा वर्षांत कुणी बोट ठेवलं नाही. बाईंनी नाही, मोठ्या सरांनी नाही, प्रशिक्षणाला येणाऱ्या शेकडो शहाण्यांनीही नाही.

बोट ठेवलंच तर मावशीने, तेही वरच्या ओळीवर. मावशी मुलांचे कपडे बदलणारी, त्यांना उचलणारी, पुसणारी मदतनीस. शाळेत बाईंच्याही आधीपासूनची. एका दुपारी ती म्हणाली, "बाई, ही झोपेतही हसते हो. सगळी निजली की हिचं सुरू. तेव्हा ही कुणाला हो म्हणते?"

"स्वप्न पडत असेल," बाई म्हणाल्या. "मावशी, तुम्ही चादरी बघा."

मावशी चादरी बघायला गेली.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. हसरीच्या आईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायची बंदी केली होती. बाप लांबच्या गाड्या चालवायचा, आठ-आठ दिवस घरी नसायचा. शाळेच्या वसतिगृहात एक खाट रिकामी होती. सगळं जमत होतं, पण आई अडून बसली. "तिला विचारल्याशिवाय मी तिला कुठे ठेवणार नाही," ती म्हणाली. बाईंना ते फार आवडलं. असं म्हणणारी आई त्यांनी इतक्या वर्षांत दुसरी पाहिली नव्हती. त्यांनी वर्गातच कॅमेरा लावला, आईला खुर्चीशेजारी बसवलं आणि हसरीला विचारलं, वसतिगृहात राहायला जाशील का. हसरी हसली. आई रडली. ते चित्रण बाईंनी पुढे कितीतरी प्रशिक्षणांत दाखवलं; बघणाऱ्यांच्या डोळ्यांत हटकून पाणी यायचं.

हसरी वसतिगृहात सात महिने राहिली. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. चौदा मुलांमागे दोन बायका होत्या, आणि ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी कुणीतरी बदलावी लागते, एवढंच. घरी आली तेव्हा तिच्या माकडहाडावर बाळाची मूठ मावेल एवढी जखम होती. ती भरायला चार महिने लागले. उजवा गुडघा आखडला तो पुन्हा सरळ झाला नाही. बापाने भिंतीवर डोकं आपटून घेतलं. आईने मात्र मन घट्ट केलं. "तिला विचारूनच पाठवलं होतं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "तीच हो म्हणाली होती." त्या एका वाक्याच्या आधारावर ती आई उभी होती. खरं सांगायचं तर बाईही त्याच आधारावर उभ्या होत्या.

शाळेचं वर्ष संपायला दोन महिने उरलेले असताना हसरीची आई फाईल घेऊन आली. मुलं गेली होती; मावशी खुर्च्यांची चाकं पुसत होती. हसरीला घरी मोठी फिट आली होती, अंग लाकडासारखं झालं होतं, म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं होतं. डोक्याला तारा लावून, समोर कॅमेरा लावून. त्याचा हा अहवाल.

"डॉक्टर भराभर बोलले," आई म्हणाली. "तुम्ही वाचून सांगा ना, बाई."

बाईंनी चष्मा लावला. एक पान वाचलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. दोन दिवसांत हसरी तेवीस वेळा हसली होती. तेवीसही वेळा मेंदूच्या आलेखात तीच वादळं उठली होती, त्याच जागी. समोर आई असताना, नसताना, जागेपणी, झोपेत. हसण्याचा आनंदाशी संबंध आढळत नाही, असं शेवटी एका ओळीत लिहिलं होतं.

"हे हसणं म्हणजे फिट आहे," बाई म्हणाल्या. आवाज आपला नसल्यासारखा त्यांनाच वाटला.

"सगळं?"

"दोन दिवसांत जेवढं हसली तेवढं सगळं."

"तेही हेच म्हणाले. मला वाटलं, तुम्ही वाचलंत तर काही वेगळं निघेल." आईने फाईल परत घेतली आणि तिचे कोपरे नीट जुळवत बसली. "औषध दिलंय. म्हणाले, महिन्याभरात हसणं बंद होईल. जशी पेढे वाटायची बातमी सांगावी तसं सांगितलं."

मावशीचा फडका थांबला होता.

"मग बाई," आई म्हणाली, "वसतिगृहाचं विचारलं होतं तेव्हा ती काय म्हणाली होती?"

"बघून सांगते," बाई म्हणाल्या, आणि म्हणताक्षणी त्यांना कळलं की आता खरोखरच बघावं लागणार.

दुसऱ्या दिवशी मुलांची बस गेल्यावर त्या कार्यालयातल्या जुन्या संगणकासमोर बसल्या. प्रशिक्षणात दाखवायचं चित्रण चाळीस सेकंदांचं होतं. मूळचं पाच मिनिटांचं. पहिलं सगळं त्यांनी स्वतःच कापलं होतं, कारण त्यात मुलीचं लक्ष नव्हतं आणि उगीच बघणाऱ्यांचा वेळ गेला असता.

मूळ चित्रणात बाईंचा आवाज विचारतो, वसतिगृहात राहायला जाशील का? कोपऱ्यात बाईंचा गुडघा दिसतो आणि गुडघ्यावरचं बोट. एक. दोन. दोनवर हसरी डोळे मिटते. झोप आल्यासारखे नाही. कपाळ, नाक, गाल सगळं मधोमध गोळा करून, घट्ट. मग उघडते आणि आईकडे बघते. बोट मोजत राहतं. नऊ, दहा. "आज लक्ष नाही हिचं. पुन्हा विचारू," बाईंचा आवाज म्हणतो. पुन्हा प्रश्न. पुन्हा दोनवर डोळे मिटतात, तसेच. पुन्हा आईकडे नजर. पुन्हा दहा. तिसऱ्यांदा ती डोळे तर मिटतेच, आईकडे बघतेच, वर मान मागे रेटते, खुर्चीची उशी सरकते, आणि चित्रणात मावशीचा हात येऊन ती उशी नीट करून जातो. चौथ्यांदा दोनवर डोळे मिटतात, नजर आईकडे जाते, आणि बोट सहावर असताना हसणं येतं. "बघा, हो म्हणाली!" बाईंचा आवाज. आई उठते, पोरीच्या गालाला गाल लावते. हसरी हसत असते आणि तिचा चांगला डोळा छताकडे लागलेला असतो.

बाईंनी ते तीनदा पाहिलं. पोरगी नाही म्हणत होती. एका दमात नाही म्हणत होती, दोन मोजायच्या आत, आणि जगात जी एकच बाई थांबून ऐकते म्हणून नावाजलेली होती ती पुढचे आठ आकडे मोजत बसली होती.

कुलूप लावायला आलेली मावशी मागे उभी होती. तिनेही शेवटचं पाहिलं होतं.

"अशी डोळे मिटते ना ती," मावशी म्हणाली, "तेव्हा मी हात आवरते. तोंड पुसायचं असलं तरी थांबते. जरा वेळाने पुसते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

मावशीने खरोखरच आठवून बघितलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "एकदा बोलले होते हसण्याचं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, चादरी बघा."

औषध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात हसणं पंधरावरून सातवर आलं, दुसऱ्यात दोनवर, तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी एकदा, आणि मग संपलं. वर्ग इतका शांत झाला की नळीवाल्या मुलाचा पंप ऐकू येऊ लागला. न दिसणाऱ्या दोघांतला एक जण हसरीच्या हसण्याच्या दिशेने मान वळवायचा; तो आता उगीचच त्या दिशेला मान वळवून वाट बघायचा आणि मग पुन्हा सरळ करायचा. मोठे सर एकदा येऊन बघून गेले. बाहेर नेऊन बाईंना म्हणाले, "डोस थोडा कमी करून चालतं का, विचारून बघा ना तिच्या घरच्यांना. पुढच्या महिन्यात मंडळी येणार आहेत पाहणीला." बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. सरांनी विषय बदलला आणि पुढच्या वर्षीची वर्गवार यादी मागितली. समोरच्या खोलीत नवा वर्ग निघणार होता, एका तरुण शिक्षिकेचा. बाईंच्या सहांपैकी कुणी तिकडे द्यायचं असेल तर नाव कळवायचं होतं.

या तीन आठवड्यांत बाईंनी नवी वही सुरू केली होती. तोंड पुसू का? ओला फडका हसरीला मुळीच सोसायचा नाही. डोळे घट्ट. खिडकीशी नेऊ का? डोळे उघडे, विचारणाऱ्यावर रोखलेले. कडू औषध देऊ का? घट्ट. मावशीने विचारलं तरी तेच, व्यायामाच्या ताईंनी विचारलं तरी तेच. विसांतल्या अठरा वेळा. एवढं स्वच्छ उत्तर त्या वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याच मुलाला देता येत नव्हतं. हसरीला कुणी शिकवलंही नव्हतं ते. ती येतानाच घेऊन आली होती.

राहिलं होतं ते आईला उत्तर देणं. चित्रणाचं कळल्यावर मोठे सर म्हणाले, झालं गेलं उकरून काय मिळणार, बाई. मावशी कुणाजवळ बोलणारी नव्हती. चित्रण पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं, आणि आईला सांगता आलं असतं की त्या दिवशीचं काही कळत नाही, हो म्हणालीही असेल. त्या आईजवळ तेवढं एकच वाक्य होतं, ते काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, असं बाईंनी स्वतःला चार दिवस समजावलं. पाचव्या दिवशी हसरीचं तोंड पुसताना पोरीने डोळे मिटले आणि बाईंचा हात थांबला. त्यांनी त्याच दुपारी आईला बोलावलं.

हसरीला घरी पाठवलं नाही. ती खुर्चीत शेजारीच होती. आईने पदराने हात पुसले, जशी काही परीक्षेलाच बसली होती, आणि चित्रण पाहिलं. पूर्ण पाच मिनिटं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

बाईंनी पुन्हा लावलं.

"चारदा," आई म्हणाली. "चारदा मिटले तिने."

"हो."

"आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं. की तू तरी सांग म्हणून." तिने पडद्यावरच्या स्वतःकडे बोट केलं. "आणि मी तिच्या गालाला गाल लावला."

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या भरवशावर होतात. मला दिसायला हवं होतं."

"तुमची आहे," आई म्हणाली. रागाने नाही, नुसतं कबूल केल्यासारखं. "पण आई मी आहे ना." मग तिला रडू कोसळलं, मोठ्याने, तोंड लपवायचंही न सुचता. हसरी तिच्याकडे टक लावून बघत होती. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती गाडी नुसती टीं टीं करत होती.

शांत झाल्यावर आई खुर्चीसमोर खाली बसली. पोरीचं पाऊल हातात घेतलं. "हिला मला एक विचारायचंय," ती म्हणाली, "पण माझ्याच्याने नाही विचारवत. उत्तर आलं तर काय करू? तुम्ही विचारा, बाई. दुसरं काहीतरी. जे आता तिला विचारायला हवं ते विचारा."

बाईंच्या टेबलावर वर्गवार यादी होती. त्यात हसरीच्या नावापुढे त्यांनी आधीच आपला वर्ग लिहून टाकला होता. सहा वर्षं तिच्यामागे घालवली होती. ती कुणाकडे जाणार हा प्रश्न कधी प्रश्न म्हणून त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आता, एवढं सगळं कळल्यावर, तर त्यांना तिला मुळापासून शिकवायचं होतं. पहिल्यांदा नीट शिकवायचं होतं. त्यांना ते इतकं हवं होतं की ते विचारायची त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणूनच त्यांनी तेच विचारलं.

त्या हसरीच्या चांगल्या डोळ्यासमोर येऊन बसल्या. "पुढच्या वर्षी माझ्या वर्गात राहशील?"

हात सवयीने गुडघ्यावर गेला. एक. दोन.

हसरीने डोळे मिटले. कपाळ, नाक, गाल सगळं गोळा करून.

आई घाईघाईने उठली. "तसं नाही हो, बाई. औषधाने झोप येते तिला. दुपारची थकते. पुन्हा विचारा ना, पुन्हा विचारा एकदा."

बाईंचं बोट तीनसाठी उचललेलं होतं. ते त्यांनी मुठीत घेतलं आणि मूठ मांडीवर ठेवली.

"नको," त्या म्हणाल्या. "सांगितलं तिने."

त्यांनी टेबलावरची यादी ओढली, हसरीच्या नावापुढचं खोडलं आणि समोरच्या खोलीचा वर्ग लिहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं. मग मावशीला हाक मारून म्हणाल्या, हिला जरा समोरची खोली दाखवून आणा. मावशीने चाकांची कळ सोडली, आणि ढकलायच्या आधी पुढे येऊन, वाकून, हसरीला विचारलं, जायचं का.

हसरीचे डोळे उघडेच राहिले.